जबड्याखाली की हासळीवर?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तू मधेच फोन ठेवलास म्हणून लिहायला बसले. रागावले नाही. ताई बोलली नसती तर मला कळलंही नसतं, हे मात्र मनाला लागलं.

मला एवढंच विचारायचं होतं, गाठ नेमकी कुठे आहे? तू म्हणालास, "मानेला." अरे, मान केवढी! जबड्याखाली असली तर बहुतेक वेळा दात नाहीतर घशाचं काम असतं. तुझी ती वाकडी अक्कलदाढ अजून तशीच आहे ना? जवळपास जंतू आले की तिथला लिम्फ नोड, म्हणजे जंतू अडवणारी छोटी ग्रंथी, सुजतो. पाचवीत तुझ्या तळपायात बाभळीचा काटा मोडला आणि जांघेत अवधाण आलं, ते हेच. लंगडत शाळेत गेलास, पण नाव काढलं नाहीस. खोड तीच आहे.

आता नीट बघ. रात्री निवांत बस. गाठ ज्या बाजूला आहे त्याच बाजूला मान जराशी कलती कर, म्हणजे स्नायू सैल पडतो. तीन बोटांची पेरं टेकव आणि गोल फिरव. चिमटीत धरू नकोस, चिमटीत धरली तर जबड्याखालची लाळेची ग्रंथीसुद्धा गाठ वाटते. प्लास्टिकची पट्टी लावून माप घे आणि तारखेसह लिहून ठेव. मग आठ दिवस हात लावायचा नाही. दर तासाला चाचपलं की ती दुखायला लागते आणि दुखतंय म्हणून आपणच घाबरतो.

हरभऱ्याएवढी, हलणारी, दाबली तर दुखणारी असेल तर दाढ दाखव आणि दोन आठवडे वाट बघ. तेवढ्यात उतरली नाही, वाढली, सुपारीसारखी टणक लागली किंवा खाली चिकटून बसली, तर सर्जन नाहीतर कान-नाक-घशाचे डॉक्टर. आणि हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडावरच्या खळगीत असेल तर दोन आठवडेही नाहीत, मग ती तांदळाएवढी का असेना. छाती-पोटातल्या दुखण्याची गाठ तिथे येते. म्हणून पुन्हापुन्हा विचारते, कुठे आहे?

नानांच्या पाठीवरची आठवते? तू तिला लिंबू म्हणायचास. नाना पेपर वाचत बसले की मागून बोटाने ढकलायचास आणि ती कातडीखालून सर्रकन सटकायची. "आजोबा, पळाली!" ती चरबीची गाठ. मऊ, सरकणारी, न दुखणारी, वर्षानुवर्षं तेवढीच. तशीला कुणी हात लावत नाही. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, भराभर वाढू लागली किंवा खोल स्नायूत गेल्यासारखी वाटली, तरच सोनोग्राफी वगैरे. मध्यभागी काळा ठिपका असलेली मात्र वेगळी. तिच्यात घाण वासाचा दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ असतो. पिळलीस तर आतली पिशवी तशीच राहते, गाठ पुन्हा भरते, नाहीतर पिकून गळू होतं.

आत्याला कळवू नकोस, ती बिब्बा लावायला सांगेल. बिब्ब्याने कातडी भाजते आणि वरून फोड आले की डॉक्टरांनाही आतलं कळत नाही.

मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने काही घेऊ नकोस. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी टीबी थोडा दबतो आणि निदान लांबतं. स्टिरॉइडने काही गाठी तात्पुरत्या लहान होतात, मग तुकडा काढून तपासला तरी नीट कळत नाही. टीबी म्हटल्यावर दचकू नकोस. मानेत दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटलेल्या, न दुखणाऱ्या, संध्याकाळी कणकण, रात्री बनियन भिजेल इतका घाम, पट्टा एक भोक आत, असं असेल तर त्याचा विचार करतात. जुनी माणसं गंडमाळ म्हणायची. आता साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

सुईची तपासणी सांगितली तर नाही म्हणू नकोस. रक्त काढतात त्याहून बारीक सुई असते, पाच-दहा मिनिटांचं काम. "सुई टोचली की गाठ पसरते" म्हणणारे हॉस्टेलवर भेटतील, त्यांच्या नादी लागून महिने घालवू नकोस. टीबीची शंका असेल तर त्याच नमुन्यातून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीलाही पाठवता का, एवढं तूच विचार.

बघ, पुन्हा लेक्चर झालं. चुकलंच. पहिल्या पगारातून बाबांना चष्मा पाठवणारा मुलगा स्वतःची काळजी घेईलच, मी सगळ्यांना तसंच सांगते. आणि मग रात्री तुझा आवाज बसल्यासारखा वाटला होता का, तेच आठवत राहते.

शनिवारी तुला अर्धा दिवस असतो. मेतकूट आणि नाचणीचं पीठ शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर देते, तो शुक्रवारी रात्री निघतोय. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. आरशासमोर उभा राहून गाठीवर बोट ठेव आणि एक फोटो काढून ताईला पाठव.

जबड्याखाली, की हासळीवर?

तुझी,
आई