पुणे–नागपूर विमानभाड्याला सणासुदीत मर्यादा घाला

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

पुण्याचे लोहगाव विमानतळ ते नागपूरचे सोनेगाव विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 600 किलोमीटर. विमान सव्वा ते दीड तासात पोचते. रेल्वेने तेच अंतर 880 च्या घरात जाते, कारण गाडी दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ असा वळसा घेते. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतलाही बारा तास लागतात. समृद्धी महामार्ग तर पुण्यातून जातच नाही. म्हणून नागपूरला घरी कोणाचे ऑपरेशन निघाले, कोणी गेले, की आम्ही आधी विमानाचे तिकीट बघतो.

दिवाळीत ते परवडत नाही. आपल्याच मतदारसंघातल्या खराडीत राहणारी विदर्भातली पोरे दसऱ्यापासून सकाळ-संध्याकाळ नागपूरचे भाडे बघत असतात. वसुबारसेच्या आसपास ते इतके चढते, की कधी कधी त्याच दिवशीचे दिल्लीचे तिकीट स्वस्त दिसते. दिल्ली पुण्याहून हवाई मार्गाने जवळपास दुप्पट लांब आहे! मग संगमवाडीला खासगी बस पकडायला जायचे आणि ट्रॅव्हल्सवाला मागेल ते द्यायचे.

साहेब, मागणीप्रमाणे भाडे बदलणार हे आम्हाला मान्य आहे. एरवी स्वस्त तिकीट मिळते तेही त्यामुळेच. पण वर कुठेतरी मर्यादा हवी, आणि ती घालता येते हे आपल्या मंत्रालयाने दोनदा दाखवून दिले आहे. मे 2020 मध्ये प्रवासाला किती वेळ लागतो त्यावरून भाडी बांधली गेली, ती ऑगस्ट 2022 अखेरपर्यंत राहिली. डिसेंबर 2025 मध्ये देशभर विमाने रद्द झाली तेव्हा अंतर धरले गेले: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000.

आमचा मार्ग दुसऱ्या टप्प्यात बसतो, आणि तो टप्पा फारच ऐसपैस आहे. 600 किलोमीटरला आणि 990 किलोमीटरला एकच 12,000 कसे? चौघांचे कुटुंब जाऊन-येऊन 96,000 रुपये होतात, कर वेगळे. पगारदार माणसाने दिवाळीला घरी जाण्यासाठी एवढे कुठून आणायचे?

तेव्हा मागणी अशी: दिवाळीच्या पंधरवड्यासाठी अंतरानुसार मर्यादा लावावी, त्यात 500 ते 750 किलोमीटरचा वेगळा टप्पा असावा आणि त्याची रक्कम 7,500 च्या जवळ ठेवावी. डिसेंबरचे संकट अचानक आले होते, दिवाळीची तारीख मात्र वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते. त्यामुळे हा आदेश गणपतीच्या आधीच निघावा, म्हणजे लोकांना वेळेत तिकिटे काढता येतील.

नुसत्या मर्यादेने जागा वाढणार नाहीत, हेही खरे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. सणाच्या दिवसांत नागपूरच्या जादा फेऱ्यांसाठी तिथे वेळा मिळवून देणे आमच्या हातात नाही, ते आपल्याच पातळीवर होऊ शकते. हवाई दलाशी तेवढे बोलणे या वर्षी जरूर करावे.

आपला,
पुण्यात नोकरी करणारा एक नागपूरकर