गाडी घेतली, काळजी नसावी

लेस्टर (इंग्लंड), रविवार

ती. आई आणि ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फराळ पोचला. चकल्यांचा थोडा भुगा झाला होता, पण चव तीच. चिवडा ऑफिसात न्यायचा म्हणून वेगळा काढला होता, तो घरीच संपला. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा बदलून घेतला, घासून झालेली जखम भरली, तेव्हा आई, तो विषय पुन्हा काढू नकोस.

फोनवर तू रडतेस आणि मग माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. दादाने अर्धवट सांगून तुमची झोप उडवली असं वहिनी म्हणाली. तर होय, गाडी घेतली. होंडा जॅझ, 2016 ची, ऑटोमॅटिक, राखाडी. सेकंड हँड आहे, पण भंगार नाही.

अण्णा, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं, हे तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही. पण इथे दुखणं लपवणं जरा अवघड आहे. तीन वर्षं झालेल्या प्रत्येक गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाकला की 2005 पासूनचा सगळा इतिहास कुणालाही फुकट दिसतो. कोणत्या वर्षी नापास झाली, टायर झिजला म्हणून की ब्रेकच्या पाइपला गंज म्हणून, आणि त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, सगळं. एका गाडीचे 2023 मधले मैल 2021 पेक्षा कमी निघाले. विकणारा फार गोड बोलत होता. मी नमस्कार केला आणि निघाले. अंगावर कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, तेही थोडे पैसे भरून पाहिलं. गाडी नावावर करायला आपल्या नाशिकसारखे फॉर्म 29-30 घेऊन पेठ रोडच्या आरटीओत खेटे घालावे लागत नाहीत. विकणाऱ्या बाईने तिथल्या तिथे ऑनलाइन नाव बदललं, मला हिरवी चिठ्ठी दिली, गाडीचं नोंदणी-पुस्तक नंतर टपालाने घरी आलं. एक मात्र आहे, जुन्या मालकाने भरलेला रोड टॅक्स आपल्या नावावर येत नाही. तो भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून भरला.

आता तुमचा खरा प्रश्न, ट्रायल कशी घेतली? घेताच आली नाही. हाताने चालवायचं सामान गाडी आपली झाल्यावरच बसतं, मग ती विकत घेण्याआधी मी चालवणार कशी? शेजारच्या भारतीबेनच्या मुलाने चालवली, मी बाजूला बसून कान लावून ऐकत होते. इंजिन गार असतानाच सुरू करायला लावलं. आम्ही पोचायच्या आधी कुणी तापवून ठेवलं नाही ना, हे बॉनेटवर हात ठेवून पाहिलं. हे तुमच्याकडूनच शिकले. सिग्नलवरून निघताना धक्का बसतो का, गचके देते का, तेही बघितलं.

खरं तर मी इंजिनाच्या आधी दार बघते. दार पुरतं उघडतं का आणि उघडलं की तिथेच थांबतं का. उतारावर आपोआप मिटणारं दार माझ्या कुबडीवर आपटतं. मग सीट. फार खाली असली तर मी धपकन पडते आणि उठताना सगळा भार मनगटांवर येतो. फार उंच असली तर चढताच येत नाही. मी पाठमोरी होऊन आधी बसते, मग कॅलिपरचं गुडघ्याजवळचं लॉक सोडते, मग पँटला धरून एकेक पाय आत घेते. दाराखालचा काठ उंच असला की बूट तिथे अडकतो, आणि पावसात हे सगळं करताना विकणारा शेजारी उभा राहून आकाशाकडे बघतो. एका म्हाताऱ्या बाईने मात्र न विचारता डोक्यावर छत्री धरली आणि तिच्या गाडीत मी कितीदा बसले-उठले तरी धरून ठेवली. गाडी तिचीच घेतली. त्या छत्रीमुळे नाही हो अण्णा, सीट बरोबर उंचीची होती म्हणून.

एका शोरूममध्ये मात्र सेल्समन सगळा वेळ भारतीबेनशीच बोलत होता. "हिला ऑटोमॅटिकच लागेल का?" भारतीबेन म्हणाल्या, "तिलाच विचार, पैसे ती देणार आहे." माझ्या डोक्यावरून बोलणारी माणसं फक्त आपल्या मेन रोडवरच असतात असं नाही.

आई, हाताने चालवायचं म्हणजे काय ते सांगते. स्टिअरिंगखाली एक दांडा असतो. पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की गाडी पळते. दुसऱ्या हाताला स्टिअरिंगवर एक गोल मूठ. ब्रेकला जोर लागत नाही, हात दुखत नाहीत. पायाखालचे पेडल तसेच राहतात, दादा आला तर तोही चालवू शकेल. अपंगांसाठीच्या या सामानावर व्हॅट लागत नाही, एक फॉर्म भरून दिला की झालं. लायसन्सचं तुम्हाला माहीतच आहे.

एका गोष्टीची मला अजून गंमत वाटते. इथल्या नगरपालिकेने मला निळा बिल्ला दिला आहे, ब्लू बॅज. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मी ज्या गाडीत बसेन तिच्या काचेमागे ठेवायचा, मग ती भारतीबेनची असो नाहीतर टॅक्सी. त्याच्याबरोबर पुठ्ठ्याचं घड्याळ येतं. खरंच पुठ्ठ्याचं. मधली तबकडी बोटाने फिरवायची आणि आपण किती वाजता गाडी लावली ते दाखवायचं. रस्त्याकडेला पिवळी रेघ असेल, म्हणजे इतरांना गाडी लावायला मनाई असेल, तिथेही बिल्लेवाल्याला तीन तास लावता येते. फुटपाथच्या कडेवर आडवे पिवळे फटकारे असतील तर मात्र नाही, तिथे माल चढवायला-उतरवायलाही मनाई असते. आणि हे तीन तास मोजायचे कशावरून, तर मी माझ्या हाताने फिरवलेल्या पुठ्ठ्यावरून! पावती नाही, शिक्का नाही, मशीन नाही. पोलिसासारखा दिसणारा माणूस येतो, वाकून काचेतून पुठ्ठा वाचतो आणि पुढे जातो. पहिल्यांदा मला वाटलं, दोन तासांनी येऊन काटा पुढे सरकवला तर कोण बघणार? भारतीबेनना विचारलं. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी विषयच बदलला. दुसऱ्याचा बिल्ला वापरला तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा अगदीच सगळं विश्वासावर आहे असंही नाही. पण घड्याळ पुठ्ठ्याचंच. अण्णा, मी एकदा वेळ पाच मिनिटं उशिराची लावली आणि परत जाऊन बरोबर केली. रविवार कारंजावर हे घड्याळ कुणी बघेल का, तुम्हीच सांगा.

दादाने विचारलं होतं, सरकार अपंगांना गाडी देतं म्हणे. मिळते, तीही भाड्याने, पण ज्यांना इथला अपंग भत्ता मिळतो त्यांना. माझ्या व्हिसावर सरकारी मदत मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग नव्या गाडीचं स्वप्न कशाला बघू? आणि बस चांगली आहे, खाली झुकते, रॅम्प काढते, ते मी नाकारत नाही. पण स्टॉपपासून ऑफिसपर्यंतचा चढ हिवाळ्यात निसरडा होतो आणि चारलाच अंधार पडतो. तुम्हाला वाटतं तेवढा बर्फ मात्र इथे पडत नाही.

अण्णा, प्रेसमधून नाइट करून आलात तरी मला एम-80 गाडीवर बसवून शाळेत सोडायचात, मग वरच्या वर्गापर्यंत उचलून न्यायचात. ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, म्हणून मीही इथे जास्त लिहीत नाही.

पैशांचं सांगते. गाडी आणि दांडा मिळून साडेनऊ हजार पौंडांच्या आत झालं. रुपयात गुणाकार करू नका. मी केला आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. निम्मे साठवलेले होते, निम्मं बँकेचं कर्ज आहे, तीन वर्षांत फिटेल. विमा पहिल्या वर्षी जास्त बसतो, कारण मी नाशिकला स्कूटर चालवली ती वर्षं इथे धरत नाहीत. त्यामुळे चिऊच्या लग्नासाठी ठरवलेले दोन लाख एकदम जमत नाहीत. एक लाख या महिन्याच्या पगारावर पाठवते, उरलेले जानेवारीत. आई, एफडी मोडू नकोस, सोनाराला थोडं थांबवून ठेव. चिऊला मी स्वतः सांगते, तू आधी सांगू नकोस. साखरपुड्याला येणं जमत नाही, लग्नाला येते. तिकिटं अजून काढलेली नाहीत, पण येते.

सिन्नरच्या स्थळाचं काय ते तुम्ही ठरवू नका. त्यांना फोटो पाठवायचा असेल तर कुबड्यांसकट पाठवा, नाहीतर पाठवूच नका. चिऊच्या लग्नात माझी बोलणी नकोत, पाहुणे दोन्हीकडून विचारतील आणि तिचा दिवस वाया जाईल.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा.

आपली,
माई

ता. क. हॉलवाल्याला दिलेल्या चाळीस हजारांची पावती घेतलीत का? दादा म्हणाला, तोंडी ठरलंय. घ्या.