सूचना: खोदाईआधी थडग्यांची नोंद पूर्ण करा

सर्व सदस्यांना,

दफनभूमीच्या भिंतीलगत रस्त्यासाठी खोदाई सुरू होण्याआधी प्रत्येक थडग्याची नोंद हवी. एकदा यंत्रांची कंपने सुरू झाली की तडा जुना की नवा, हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

फोटो तिरप्या उन्हात काढा, भर दुपारी झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. चौकटीत मोजपट्टी आणि थडग्याचा क्रमांक असू द्या. अक्षरे उठावीत म्हणून खडू किंवा पीठ मुळीच चोळू नका. तड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा आणि काम चालू असेपर्यंत दर आठवड्याला त्याच जागी पुन्हा मोजा.

धूळ साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, खालून वर काढा. ॲसिड संगमरवर खाते. डुगडुगणाऱ्या दगडाला हातही लावू नका. सांधे सिमेंटने भरणे ही सर्वात महागात पडणारी चूक: सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून निघते, आतले क्षार फुगतात आणि कोरीव पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. चुन्याचाच गारा वापरा.

आजची भिंत म्हणजे मूळ हद्द असेलच असे नाही. बिनखुणेच्या कबरी भिंतीबाहेरही असू शकतात, म्हणून जुने नकाशे आणि दफन नोंदवही ताडून भू-वेधी रडारची (न खोदता जमिनीखालचे दाखवणाऱ्या यंत्राची) तपासणी आधीच मागा. चिकणमातीत रडारचे चित्र अंधुक येते. तिथे पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली मातीचा वरचा थर हलकेच काढून पाहावा लागतो.

अस्थी दिसल्या तर काम तिथेच थांबवा, काही उचलू नका, जागा झाका आणि पोलिसांना कळवा.

नव्या रस्त्याची पातळी उंच होत असेल तर पाणी आत उतरेल. गटाराचा आराखडा आत्ताच मागून घ्या.