द्रावणाचा हिशोब मांडून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जंबेरीच्या (एका लिंबूवर्गीय झाडाच्या) रोपांवरचा माझा मायकोरायझाचा, म्हणजे मुळांत राहून रोपाला स्फुरद पुरवणाऱ्या आणि बदल्यात साखर घेणाऱ्या बुरशीचा, प्रयोग पार पडला. त्यातला तुमचा वाटा प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एका ओळीत मावणारा नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

मी तुमची विद्यार्थिनी नाही, माझा विभागही वेगळा. तरीही हरितगृहात कुंड्या भरण्याआधी तुम्ही मला समोर बसवलंत आणि कोऱ्या कागदावर आकडे मांडलेत. हॉगलंडच्या, म्हणजे रोपांना अन्नद्रव्यं देणाऱ्या ठरावीक कृतीच्या, पूर्ण ताकदीच्या द्रावणात लिटरला ३१ मिलिग्रॅम स्फुरद (फॉस्फरस). कुंडीला आठवड्याला २०० मिली दिलं, तर सहा मिलिग्रॅमच्या वर. "इतकं आयतं मिळाल्यावर रोप बुरशीला साखर कशाला देईल?" असं तुम्ही विचारलंत आणि माझ्या प्रयोगाची दिशाच ठरली. द्रावणातलं स्फुरद २० मायक्रोमोलरवर, म्हणजे लिटरला सुमारे ०.६२ मिलिग्रॅमवर, आणलं की तेवढ्याच द्रावणातून जेमतेम ०.१२ मिलिग्रॅम पडतं. कुंडीत एकूण काय पडलं ते लिही, ही तुमची शिस्त आता माझ्या हाताला लागली आहे.

स्फुरद घटवायला द्रावणातलं मोनोपोटॅशियम फॉस्फेट कमी केलं की पालाशही (पोटॅशियम) घटतं. ते पोटॅशियम क्लोराइडने भरून काढायला तुम्ही लावलंत, नाहीतर परिणाम नेमका कशाचा हे सांगताच आलं नसतं. तुलनेसाठीच्या बिनबुरशीच्या कुंड्यांनाही त्याच बुरशीच्या कल्चरचं (वाढवलेल्या विरजणाचं) बारीक गाळलेलं पाणी द्यायचं, म्हणजे बीजाणू मागे राहतात पण सोबतचे जिवाणू दोन्हीकडे पोचतात, हेही तुमचंच. खरं सांगते, हा बारकावा मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितला नव्हता.

अमेरिकेत माती विषारी धुरीने निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकांतली लिंबूवर्गीय रोपं खुरटायची. त्यामागे मायकोरायझाचा अभाव आहे हे क्लाइनश्मिट आणि गर्डेमन यांनी १९७२ साली मांडलं, ती गोष्ट तुम्ही किती रंगून सांगितलीत! आपल्या संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात तो खुंट जंबेरीचाच, त्यामुळे ती मला फार जवळची वाटली.

ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवलेली मुळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कमी स्फुरदाच्या रोपांत पेशी-पेशींत झुडपासारखे निळे आर्बस्क्यूल (बुरशीच्या फांद्याफांद्यांच्या रचना) दाटलेले, भरपूर स्फुरदाच्या रोपांत मात्र शोधूनच काढावे लागले. तेव्हा पहिली आठवण तुमची झाली.

मॅडम, मनापासून आभार. प्रबंधाची प्रत घेऊन येतेच आहे. यंदाच्या बॅचच्या दोघी मुलीही द्रावण ठरवताहेत, त्यांनाही सोबत आणू का?

तुमची नम्र,
वनस्पती रोगशास्त्राची एक विद्यार्थिनी