धुरी, मिशरी आणि बाळदमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोड सुरू झाली की सांगली-मिरज भागात बाळदम्याचा विषय निघतो आणि सगळा दोष फडात पेटवलेल्या पाचटावर जातो. तो दोष आहेच. पण घरातल्या धुराबद्दल आणि तंबाखूबद्दल कुणी बोलत नाही.

गर्भाच्या श्वासनलिकांना मुख्य फांद्या फुटण्याचं काम सोळा-सतरा आठवड्यांतच उरकतं. निकोटिन त्या वाढीत अडथळा आणतं. ‘आमच्याकडे बायका विडी ओढत नाहीत’ हे उत्तर ठरलेलं. मग दात-हिरड्यांना लावायच्या भाजक्या तंबाखूचं, म्हणजे मिशरीचं काय? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजताना घरभर धूर होतोच. शिवाय हिरडीवाटे निकोटिन रक्तात आणि वारेतून बाळाकडे जातं. तंबाखू खाणाऱ्या किंवा लावणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची जास्त होतात आणि ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांत दमाही जास्त आढळतो. मिशरीशिवाय पोट साफ होत नसेल तर भरपूर पाणी, पालेभाजी आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावं. सवय सुटत नसेल तर १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

दुसरी चूक शिकलेल्या घरांतही होते. आईला दमा असेल तर दिवस राहिल्याचं कळताच औषध श्वासातून घ्यायचा पंप (इनहेलर) बंद केला जातो, ‘बाळाला औषध नको’ म्हणून. खरा धोका उलटा आहे. धाप लागली की आईच्या रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि बाळाचाही. शिवाय पंपातून औषध फार थोडं जातं: एका दाबात श्वासनलिका मोकळ्या करणारं सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं, तर ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या ब्युडेसोनाइडचा रोजचा पंप गरोदरपणात सुरक्षित मानला जातो. तो स्वतःच्या मनाने सोडू नये.

बाळंतिणीच्या खोलीत तर दार-खिडकी बंद, बाजेखाली कोळशाची शेगडी आणि आंघोळ झाली की बाळाला ओवा, वावडिंग, उदाची धुरी. नवजात बाळ मिनिटाला चाळीस-साठ वेळा श्वास घेतं, म्हणजे वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त धूर आत ओढतं. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड तर वासानेही कळत नाही. ऊब हवी असेल तर अंग कोरडं करून टोपडं घालावं, बाळ आईच्या उघड्या छातीशी धरावं आणि वरून दोघांना पांघरूण घालावं. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्यावं. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला बाळ घेऊ देऊ नये. पहिल्या वर्षात श्वासनलिकांना जोराचा संसर्ग झालेल्या मुलांची छाती पुढेही वारंवार वाजते. अशी छाती वाजणाऱ्या प्रत्येक मुलाला दमा असतोच असं मात्र नाही. बऱ्याच जणांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबतो.

सिझेरियनमुळे दमा होतो, असे मेसेज फिरतात. संबंध दिसला आहे, पण तो लहान आहे. गरजेचं सिझेरियन त्यापायी टाळणं शुद्ध वेडेपणा.

आरोग्य विभागाला एक सुचवावंसं वाटतं. गरोदरपणाची नोंदणी करतानाच मिशरी, घरातली विडी, चूल आणि दम्याचा पंप या चार गोष्टी विचाराव्यात. बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच. शेगडी आणि धुरी त्यांना तिथेच दिसते. तेव्हा बाळंतिणीला बाजूला घेऊन सांगण्यापेक्षा आजीशी बोलावं, कारण धुरी द्यायची की नाही हे आजीच ठरवते.

– बालरोगतज्ज्ञ, मिरज