लॅबमधल्या ताईंना, चाचणीआधीच्या त्या अर्ध्या तासाबद्दल

प्रिय ताई,

क्रीडा आणि व्यायामशास्त्राच्या पदवीत शिकवणाऱ्यांची नावं वेळापत्रकावर असतात, प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतात. लॅब सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव फार तर किल्ल्यांच्या नोंदवहीत सापडतं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. या विषयाला नव्याने येणाऱ्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे, त्यामुळे आभार मानताना तपशील जरा जास्तच येतील. तुम्हाला ते चालेल, कारण तपशील गाळलेला तुम्हाला कधीच चालला नाही.

सगळ्यात मोठे आभार गॅस ॲनालायझरसाठी, म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रासाठी. ट्रेडमिलवर माणसाला दमेपर्यंत पळवायचं आणि पडद्यावरचा आकडा उतरवून घ्यायचा, की झालं व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा), अशी समजूत घेऊनच बहुतेक जण या अभ्यासक्रमाला येतात. प्रत्यक्ष चाचणी आठ ते बारा मिनिटांत संपते. खरं काम त्याच्या आधीचं, आणि ते तुम्ही शिकवलंत. यंत्र चालू करून निदान अर्धा तास तापू द्यायचं. सेन्सर स्थिर होण्याआधी कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी यंत्र जुळवणं, उरकलं, तर चाचणी मध्यावर येईपर्यंत ते सरकलेलं असतं आणि पडद्यावर त्याची काहीच खूण दिसत नाही. मग दोन वायूंनी तपासायचं. एक बाहेरची ताजी हवा, ऑक्सिजन २०.९३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. दुसरा सिलिंडरमधला प्रमाणित वायू, साधारण १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोडलेल्या श्वासाच्या जवळपासचा. सिलिंडर बदलला की त्याच्या प्रमाणपत्रावरचे आकडे नव्याने भरायचे. आणि पंधरा जण तासभर बसलेल्या बंद खोलीतली हवा म्हणजे ताजी हवा नव्हे. खिडकी उघडा, हे तुमचं वाक्य आम्हाला आधी शिस्तीचं वाटायचं. ते शरीरक्रियाशास्त्राचं होतं.

त्यानंतर श्वासाचं आकारमान मोजणारा टर्बाइन तपासायची तीन लिटरची सिरिंज. ती एकाच संथ गतीने ढकलून भागत नाही. विश्रांतीतला श्वास आणि जीव तोडून पळतानाचा श्वास यांच्या वेगात प्रचंड फरक असतो, म्हणून संथ, मध्यम आणि जलद अशा तिन्ही गतींना मोजलेलं आकारमान तीन टक्क्यांच्या आत बसायला हवं. दट्ट्या टोकाला आपटायचा नाही. लाळेने टर्बाइन ओला झाला असेल तर आधी तो बदलायचा.

मास्कची तपासणी तर आता हातात बसली आहे. मास्कचं तोंड तळहाताने बंद करायचं आणि हलकेच श्वास सोडायला सांगायचं. नाकाच्या वरच्या भागातून किंवा दाढीच्या कडेने फुसफुस आली की पट्टे पुन्हा बांधायचे किंवा आकार बदलायचा. गळती इतकी घातक का, हे तुम्ही समजावलंत ते कायमचं लक्षात राहिलं. गळतीने आकारमान कमी मोजलं जातं, म्हणून ऑक्सिजनचा वापर कमी दिसतो. पण त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइडही कमी दिसतो, आणि दोघांचं गुणोत्तर, म्हणजे आरईआर, जसंच्या तसं राहतं. आलेख सुबक, आरईआर निर्दोष, आणि व्हीओटू मॅक्स चुकीचं. सुंदर आलेखाकडे संशयाने बघायची सवय लागली ती इथेच.

हाल्डेनचं गणित, म्हणजे सोडलेल्या श्वासावरून ऑक्सिजनचा वापर काढायचं गणित, सॉफ्टवेअर करून देत असतानाही तुम्ही ते हाताने करायला लावलंत, त्याबद्दल वेगळे आभार. सोडलेल्या श्वासाचं आकारमान मिनिटाला १०० लिटर, त्यात ऑक्सिजन १७.५ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ४ टक्के असं धरलं, की घाईत कुणीही २०.९३ मधून १७.५ वजा करून ३.४३ लिटर असं उत्तर देतो. पण आत घेतलेली हवा १०० लिटर नसते. नायट्रोजन शरीर वापरत नाही आणि तयारही करत नाही, म्हणून तोच मोजपट्टी: ७८.५ भागिले ७९.०४, म्हणजे आत गेलेली हवा ९९.३२ लिटर. तिच्यातला ऑक्सिजन २०.७९ लिटर, बाहेर आलेला १७.५, वापरलेला ३.२९. सत्तर किलोच्या धावपटूसाठी किलोमागे ४९ आणि ४७ मिलिलीटर असा हा फरक. आणि तेच समीकरण वापरून ऑक्सिजनचं रीडिंग १७.५ ऐवजी १७.६ धरून बघा असं तुम्ही म्हणालात, तेव्हा उत्तर जवळजवळ चार टक्क्यांनी घसरलं. वायूच्या रीडिंगमधल्या दशांश टक्क्याची किंमत कागदावर स्वतः काढल्याशिवाय कळत नाही.

तापमान आणि दाबाचंही तेच. फुफ्फुसातली हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने भरलेली. ऑक्सिजनचा वापर मात्र शून्य अंश, ७६० मिलिमीटर दाब आणि कोरडी हवा या मापात सांगायचा. ही दोन मापं एकमेकांच्या जागी टाकली तर २१ टक्क्यांची चूक होते. दाब लॅबमधल्या बॅरोमीटरवरूनच घ्यायचा, हवामानाच्या ॲपवरून नाही, कारण तिथला आकडा समुद्रसपाटीला आणून ठेवलेला असतो. सहाशे मीटर उंचीवरच्या लॅबमध्ये तो वापरला तर दाब सुमारे सात टक्क्यांनी जास्त धरला जातो. पाठ्यपुस्तकात हे वाचलेलं आम्हाला आठवत नाही.

चाचणी सुरू करण्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं ठेवायचं आणि आकडे बघायचे, ही तुमची सवय आता आमचीही झाली आहे. विश्रांतीत किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलीटर, उभं राहिल्यावर थोडं जास्त. सत्तर किलोच्या माणसाचा आकडा पाव लिटरच्या आसपास असायला हवा, तिथे दुप्पट दिसला तर थांबायचं. आरईआर एकच्या वर असेल तर एकतर माणूस घाबरून भराभर श्वास घेतोय किंवा कॅलिब्रेशन बिघडलंय. आधी त्याला शांत होऊ द्यायचं, मग यंत्राकडे वळायचं. शेवटी वेग वाढवूनही ऑक्सिजनचा वापर वाढायचा थांबला नसेल, तर त्याला मॅक्स म्हणायचं नाही, पीक म्हणायचं. आरईआर १.१० च्या वर गेला हा आधार चालतो, पण हृदयाच्या कमाल गतीसाठीच्या २२० वजा वय या सूत्रावर विसंबायचं नाही. त्यात दहा-बारा ठोक्यांची तफावत अगदी सहज असते, म्हणजे एखाद्याची खरी कमाल गती १८८ असेल आणि सूत्र त्याला २०० सांगेल.

लॅक्टेट (जोराच्या व्यायामात रक्तात वाढणारा पदार्थ) मोजायच्या रक्ताच्या थेंबाबाबत तुम्ही जितक्या कडक होतात तितकं कुणी नव्हतं. घामातच भरपूर लॅक्टेट असतं, म्हणून बोट किंवा कानाची पाळी आधी पाण्याने, मग अल्कोहोलने पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. पहिला थेंब टिपून टाकायचा, दुसरा घ्यायचा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळायचं नाही, त्याने ऊतीतलं पाणी मिसळून नमुना पातळ होतो. हात आधीच कोमट पाण्यात धरला की ही वेळ येत नाही. दर वेळी नवी सुई, नवे हातमोजे, वापरलेली सुई थेट धारदार कचऱ्याच्या डब्यात. चाचणीत वेगाचा प्रत्येक टप्पा तीन ते चार मिनिटांचा हवा, नाहीतर रक्तातली पातळी स्नायूंच्या मागेच राहते. आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं खापर लॅक्टेटवर फोडणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एवढंच विचारलंत, की तासाभरात विश्रांतीच्या पातळीजवळ येणारी गोष्ट दोन दिवसांनी कशी दुखेल? आम्ही आता हाच प्रश्न पुढे विचारतो.

विंगेटबद्दल, म्हणजे सायकलवर पूर्ण जोर लावून द्यायच्या चाचणीबद्दल, थोडक्यात. वजनाच्या ७.५ टक्के भार, सत्तर किलोला ५.२५ किलो, तीस सेकंद. सीटची उंची, पायाचे पट्टे, बादली जवळ. संपल्यावर लगेच उतरू द्यायचं नाही. पाय थांबले की पायातलं रक्त वर ढकलणारा स्नायूंचा पंप थांबतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. हलक्या भारावर काही मिनिटं पेडल मारत राहायचं, आणि तोवर एकाने बाजूला उभं राहायचं. छातीत दुखलं, डोकं हलकं झालं किंवा 'थांबवा' असा नुसता शब्द आला तरी चाचणी तिथेच बंद, कारण न विचारता. हा नियम तुम्ही गुणांच्या वर ठेवलात.

कॅलिपरने त्वचेची घडी मोजणं दिसायला सगळ्यात सोपं आणि हाताला सगळ्यात अवघड. आधी आठही जागा पेनाने आखायच्या, नेहमी उजव्या बाजूला. दंडामागची जागा अंदाजाने नाही. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराजवळ रेडियस हाडाचं वरचं टोक शोधून टेपने मध्य काढायचा. खुणेवर घडी धरायची, कॅलिपर बोटांपासून एक सेंटिमीटर खाली लावायचा, दोन सेकंदांनी वाचायचं. लवकर वाचलं तर आकडा जास्त येतो, रेंगाळलं तर मेद दबत जाऊन कमी. सगळ्या जागांची एक फेरी पूर्ण करून मग दुसरी, म्हणजे आधीचा आकडा हाताला खुणावत नाही. दोन मापांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसरं घेऊन मधलं धरायचं. आणि मेदाची टक्केवारी न सांगता आठ घड्यांची बेरीज मिलिमीटरमध्ये सांगायची. टक्केवारीच्या मागे मेदाची घनता ०.९ आणि उरलेल्या शरीराची १.१ अशी गृहीतकं असतात, आणि सराव करणाऱ्या खेळाडूचं शरीर ती पाळेलच असं नाही. आमच्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला हा सगळ्यात प्रामाणिक धडा होता.

फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांचा जोर मोजणाऱ्या पाटावर, हवेतल्या वेळावरून उडीची उंची काढताना गुडघे वाकवून उतरणाऱ्याला तुम्ही परत उडी मारायला लावायचात. हवेतला वेळ अर्धा सेकंद असेल तर उंची ३०.७ सेंटिमीटर; गुडघे मुडपून तो वेळ ०.५५ केला की ३७ च्या पुढे. एक सेंटिमीटरही उंच न जाता सहा सेंटिमीटर मिळतात.

संख्याशास्त्राचा तास तुमचा नव्हता, तरी त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तुमच्याकडूनच मिळाली. प्रत्येकाला तीच चाचणी आठवड्याने पुन्हा द्यायला लावायची, दोन निकालांतल्या फरकांचं प्रमाण विचलन काढायचं आणि त्याला दोनच्या वर्गमूळाने भागायचं. ते विचलन २ आलं तर मापाची नेहमीची चूक १.४. मग कुणाचं व्हीओटू मॅक्स ४८ वरून ४९ झालं म्हणून प्रशिक्षणाने फायदा झाला असं लिहिताना हात थांबतो. दोन यंत्रांची तुलना सहसंबंधाने करू नका, हेही तुमचंच. एक यंत्र दर वेळी दहा टक्के जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध १, म्हणजे अगदी पूर्ण, येणार.

ताई, हे सगळं तुम्ही फळ्यासमोर उभं राहून शिकवलं नाहीत. मास्क बांधता बांधता, टर्बाइन धुता धुता, कुणाच्या प्रबंधाचे आकडे जुळत नाहीत म्हणून संध्याकाळी थांबून शिकवलंत. आमच्यापैकी कुणी आता संघांबरोबर काम करतं, कुणी हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात, कुणी संशोधनात. नोंदपत्रकाच्या वर तापमान, दाब, आर्द्रता, सिलिंडरचा क्रमांक आणि मोजणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय आमच्यापैकी कुणीही पहिला आकडा उतरवत नाही.

नव्या तुकडीला आम्ही तुमच्याकडे पाठवतो आहोत. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला असतो आणि जाताना त्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

मनापासून आभार.

तुमच्या लॅबमध्ये शिकलेले आम्ही सगळे