राजीनामा दिलाय, पण आधी पूर्ण वाचा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा "जेवलीस का" वर बोलणं संपलं. नोकरी मागच्या महिन्यात सोडली. आता टाकीत मासे आणि त्याच पाण्यावर भाजी, हेच माझं काम. घाईत नाही हो बाबा. दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी हेच करत होते, आणि वर्षभराचा खर्च बाजूला काढलाय.

मातीशिवाय कसली शेती, असं तुम्ही म्हणणारच. मातीतलेच जिवाणू इथे राबतात. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते मुळं उचलतात आणि निवळलेलं पाणी परत टाकीत येतं. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मासे नसलेल्या नुसत्या पाण्यावरच्या शेतीत, खत बाहेरून घालावं लागतं, इथे बरंचसं माशांकडूनच मिळतं. लोह तेवढं वरून द्यायचं, नाहीतर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. फवारणीला हात लावायचा नाही, मासे मरतील. जिवाणू बसायला ६ आठवडे गेले. रोज काचनळीत टाकीचं पाणी घेऊन अमोनिया तपासायचे थेंब टाकले की ते हिरवं व्हायचं. एका सकाळी ते पिवळंच राहिलं, म्हणजे अमोनिया संपला. बाबा, पहिला कोंब दिसला की तुम्ही कसे उकिडवे बसून राहायचात, तशीच बसले होते मी.

एक लपवलं होतं. एका रात्री वीज गेली, हवेचा पंप थांबला. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी पहाटेपर्यंत बादलीने पाणी वरून ओतत राहिले, तरी ११ गेले. आई, मला तो बरणीतला मासा आठवला, आणि तू रात्रभर मला कुशीत घेऊन बसली होतीस ते. आता बॅटरीवरचा पंप बसवलाय. नळाचं पाणीही क्लोरीन उडेपर्यंत उघडं ठेवते. काळजी करू नकोस, वेळेवर जेवते, झोपते.

तुमचं शिकवलेलं टाकलं, असं मनात आणू नका. तेच वापरतेय.

बाबा, गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. आई, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, बरं वाटलं तरी.

वाफे कमरेइतके उंच आहेत, वाकावं लागत नाही. टाकीशेजारी पाठ टेकायची खुर्ची ठेवलीय. बाबा, माशांना खायला तुम्हीच घाला. पण चिमटीनेच, उरलं तर पाणी नासतं.

तुमची,
धाकटी